एक रकाना राहिला होता

धाकटी झाली तेव्हा मी सवयीप्रमाणे बेबी कॅरिअर्सचं एक्सेल शीट केलं. किंमत, वजन, धुवायची सोय, सगळं. लांब कापडाचा रॅप जिंकला. पहिल्याच आठवड्यात पार्किंग लॉटमध्ये बायको तो अंगाभोवती गुंडाळत होती, आणि अडीच वर्षांचा थोरला गाड्यांकडे धावला. एका अनोळखी बाईंनी धरला म्हणून! 'एकटीला, किती सेकंदांत?' हा रकानाच मी केला नव्हता.

आता रिंग स्लिंग आहे. खांद्यावर अडकवायची, बाळ आत, शेपूट ओढलं की झालं. बाळाचा चेहरा मात्र दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, आणि गुडघे बुडापेक्षा वर. एकाच खांद्यावर भार येतो, तासाभरात तिचा खांदा भरून येतो. मग मी घेतो.