कण्याचा संधिवात आणि बी-२७

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळानं मला व्याख्यानाला उभं केलं तेव्हा पहिला प्रश्न घरातूनच आला, की तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात? रास्त प्रश्न आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस, राज्य शासनात उपयंत्री. रोजचा संबंध पूल, मोऱ्या आणि मोजमाप पुस्तकाशी. पण मला स्वतःला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, आणि निदान झाल्यापासून या आजाराबद्दल जे हाती लागेल ते मी वाचत आलो आहे. कुणी कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही, ते संधिवाततज्ज्ञांचं काम. संशोधनात काय सापडलं, आणि त्यातला एक आकडा आपल्याकडे कसा उलटा वाचला जातो, एवढंच सांगायला मी उभा आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे मान दुखली की लोक म्हणतात, "मला स्पॉन्डिलायटिस आहे." बहुतेक वेळा तो स्पॉन्डिलोसिस असतो, म्हणजे वयानुसार मणक्यांची होणारी झीज. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस ही झीज नव्हे, तो दाह आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उठते. सुरुवात साधारण विशी-तिशीत होते, आणि ती कण्याच्या अगदी तळाशी, जिथे कणा दोन्ही बाजूंच्या कटीच्या हाडांना जोडलेला असतो त्या दोन सांध्यांत.

पुलाचं उदाहरण देतो, मला तेच जमतं. पुलाच्या स्लॅबमध्ये आम्ही एक्स्पान्शन जॉइंट सोडतो. उन्हाळ्यात स्लॅब फुगतो, हिवाळ्यात आकसतो, त्याला हलायला जागा हवी. ती फट कुणी काँक्रीटनं भरून टाकली तर पूल मजबूत होत नाही, तडकतो. या आजारात नेमकं हेच होतं. दाह होऊन गेलेल्या जागी शरीर नवं हाड घालतं, मणके एकमेकांना जोडले जातात, आणि एक्स-रेमध्ये कणा वेळूच्या काठीसारखा दिसू लागतो. डॉक्टर त्याला 'बांबू स्पाइन'च म्हणतात. असा कणा दिसायला ताठ, पण साध्या पडण्यानंही मोडू शकतो.

बर्नार्ड कॉनर नावाच्या आयरिश डॉक्टरनं १६९०च्या दशकात फ्रान्समध्ये सापडलेल्या एका सांगाड्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात मणके, बरगड्या आणि कटीची हाडं मिळून एकच अखंड हाड झालेलं होतं. म्हणजे आजार जुनाच. मोबाइल आणि मोटारसायकलला दोष देणाऱ्या काकांनी हे लक्षात घ्यावं! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियात बेख्तेरेव, जर्मनीत श्ट्रुम्पेल आणि फ्रान्समध्ये पिएर मारी यांनी या आजाराची नीट वर्णनं केली. पण कारण कुणालाच कळलं नव्हतं, आणि कारण कळत नसताना उपचार केले की काय होतं याचं एक उदाहरण विसरू नये असं आहे. इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकापासून अशा रुग्णांच्या कण्यावर क्ष-किरणांचा मारा करत. दुखणं खरोखर कमी व्हायचं. पुढे कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल यांनी अशा तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि १९५७ मध्ये दाखवून दिलं, की यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे. दुखणं थांबलं म्हणजे उपचार बरोबर, असं आपण धरून चालतो. जाहिरातीतल्या चूर्णाच्या पुड्यांबद्दलही. काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे, म्हणून हे सांगितलं.

आता तो आकडा. १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच गोष्ट दिसली. आपल्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात. हा पेशी आपला की परका हे प्रतिकारशक्ती त्यावरून ओळखते. मूत्रपिंड बदलताना त्या जुळवून बघतात. लॉस एंजेलिसच्या पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये रक्ताच्या अगदी थोड्या नमुन्यावर या खुणा ओळखण्याची चाचणी बसवली होती. दुसऱ्या महायुद्धात, केवळ जपानी वंशाचे म्हणून, या तेरासाकींना लहानपणी कुटुंबासह अमेरिकेतल्याच छावणीत राहावं लागलं होतं. त्याच माणसाची चाचणी पुढे जगभर वापरली गेली. तर त्यांच्या गटाला ४० रुग्णांपैकी ३५ जणांत बी-२७ ही खूण सापडली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमध्ये डेरिक ब्रुअरटन यांना ७५ पैकी ७२ रुग्णांत ती दिसली, आणि आजार नसलेल्या ७५ जणांत फक्त तिघांत. एखाद्या आजाराचा एखाद्या जनुकाशी इतका घट्ट संबंध तोवर क्वचितच दिसला होता.

७५ पैकी ७२ ऐकलं की मन लगेच उलटा निष्कर्ष काढतं: बी-२७ असला की आजार होणारच. हे चूक आहे. इंदूरला रोज सकाळी पोहे खाणाऱ्यांत बहुतेक जण इंदूरचेच निघतील. पण म्हणून देशात जिथे कुणी पोहे खातो तो इंदूरचाच, असं म्हणता येईल का? बी-२७ असलेल्या शंभर माणसांपैकी नव्वदाहून जास्त जणांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही. ते ठणठणीत असतात आणि आपल्यात ही खूण आहे हेही त्यांना ठाऊक नसतं.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण आहे. आपल्या ओळखीतल्या एका घरात मुलाचं लग्न ठरत होतं. पत्रिका जुळली, दोन्हीकडच्यांची पसंती झाली. मुलाच्या थोरल्या भावाला हा आजार आहे हे त्यांनी सरळपणे सांगितलं. मुलीकडच्यांनी मुलाची तपासणी करून घ्यायला सांगितलं, बी-२७ पॉझिटिव्ह आला आणि बोलणी तिथेच थांबली. मुलाला ना पाठदुखी, ना काही. छत्तीस गुण जुळवणाऱ्या आपल्या समाजानं आता सत्ताविसावा दोष शोधला आहे. ब्रुअरटन यांनी रुग्णांचे सख्खे नातेवाईकही तपासले होते. ६० पैकी ३१ जणांत बी-२७ निघाला, म्हणजे साधारण निम्म्यांत. जनुकाच्या हिशेबानं ते तसंच असायला हवं. घरात आजार आहे आणि खूणही आहे अशांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे मी लपवणार नाही. पण त्यांच्यातलेही बहुसंख्य सुटतात. आणि काही रुग्णांत बी-२७ नसतोच. तेव्हा तक्रार नसलेल्या मुलाची ही तपासणी लग्नासाठी करण्यात काय अर्थ आहे, हे वधू-वर सूचक मंडळाच्या ताईंनीही एकदा ऐकून घ्यावं.

मग बाकीच्यांना होत नाही आणि काहींनाच का होतो? इथे उंदीर मदतीला आले. अमेरिकेत १९९० मध्ये जोएल टॉरोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा बी-२७ जनुक प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये घातला. त्यांना सांध्यांचा आणि आतड्यांचाही दाह झाला. मग १९९४ मध्ये तसेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तर सांधे आणि आतडी दोन्ही निरोगी राहिली. म्हणजे जनुकाला आतड्यातल्या जंतूंची साथ लागते. २००७ मध्ये ईआरएपी-१ आणि आयएल-२३च्या ग्राहकाचं जनुक असे आणखी दोन दुवे सापडले. २०२२ मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की या रुग्णांतल्या काही पांढऱ्या पेशी जंतूंचे तुकडे आणि आपल्याच शरीरातले काही तुकडे, दोन्ही ओळखतात. परका समजून घरच्यालाच मारणं म्हणतात ते हे.

उपचारात मोठी उडी पडली ती टीएनएफ या रसायनामुळे. दाह पेटता ठेवणाऱ्यांपैकी ते एक. त्याला अडवलं तर, ही कल्पना लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी आमवाताच्या रुग्णांवर १९९२ मध्ये प्रथम आजमावली. मैनी मूळचे लुधियानाचे. २००२ पर्यंत हीच औषधं कण्याच्या संधिवातातही काम करतात हे सिद्ध झालं. भारतात मात्र एक अडचण होती. टीएनएफ अडवला की शरीरात दडून बसलेला क्षयरोग जागा होऊ शकतो. २००१ मध्येच हा इशारा प्रसिद्ध झाला. म्हणून इंजेक्शनच्या आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात. ती टाळण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. दुसरी अडचण किमतीची. २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं यातल्या अडालिमुमॅबची जगातली पहिली प्रतिकृती बाजारात आणली, तेव्हा दर बराच खाली आला. तरी माझ्यासारख्याच्या पगारात ते सोपं नाहीच.

पण औषधापर्यंत पोहोचायला निदान व्हावं लागतं. माझं दुखणं चोविसाव्या वर्षी सुरू झालं आणि नाव कळलं एकतिसाव्या वर्षी. मधल्या काळात गादी बदलली, पट्टा बांधला, एका ठिकाणी ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. जगभरात हा उशीर सरासरी पाच-सात वर्षांचा असतो, आणि बायकांच्या बाबतीत तो आणखी वाढतो, कारण हा पुरुषांचा आजार अशी समजूत बराच काळ डॉक्टरांतही होती. बाळंतपणानंतरची कंबरदुखी म्हणून कित्येकींची बोळवण होते.

घाबरून मात्र जाऊ नका. पुणे जिल्ह्यात, फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध असलेल्या भिगवण गावात, पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांत शंभरी अठराच्या आसपास लोकांना हाडा-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. पण त्यात दाहक संधिवाताचे थोडेच. बहुतेक पाठदुखी साधीच असते.

वेगळी ओळखायची कशी? १९७७ मध्ये आंद्रेई कॅलिन आणि सहकाऱ्यांनी काही साधे प्रश्न ठरवले, ते आजही उपयोगी पडतात. दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालं का, हळूहळू आलं का, तीन महिन्यांहून जास्त टिकलं का, सकाळी उठल्यावर कंबर आखडते का, आणि हालचाल केल्यावर बरं वाटतं का. हा शेवटचा प्रश्न मोलाचा. चमक किंवा गादी सरकली असेल तर झोपल्यावर आराम पडतो. इथे उलट. रात्री तीन-चारला दुखण्यानं जाग येते आणि घरात फेऱ्या मारल्या की सुटल्यासारखं वाटतं. सोबत टाचा दुखत असतील, किंवा मध्येच एक डोळा लाल होऊन प्रकाश सहन होत नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा आणि कंबरेचंही सांगा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. त्यात बदल दिसायला वर्षं लागतात, एमआरआयमध्ये दाह आधी दिसतो. २००९ पासून वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत तो धरला जातो.

व्यायामाला पर्याय नाही, इंजेक्शन चालू असलं तरी. आणि बिडी-सिगारेट सोडा, धूम्रपान करणाऱ्यांचा कणा लवकर जखडतो हे अभ्यासांत दिसलं आहे. मंडपामागे उभ्या असलेल्या तरुण कार्यकर्त्यांनी हे ऐकलं असेलच.

आरतीची वेळ झाली आहे. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी प्रसादाच्या रांगेत मला गाठावं. मी कडेला उभा असेन. खुर्चीवर फार वेळ बसवत नाही.