कटऑफ नेमका काय सांगतो?

भाषण संपून फिशपॉन्ड कधी सुरू होतात याची वाट बघणाऱ्या बारावीकरांनो,

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं विचारलं, "सर, एकाच विद्यापीठातल्या दोन कॉलेजांपैकी कुठे लागणं जास्त अवघड, हे कटऑफवरूनच ठरतं ना?"

इतकं सरळ नसतं ते. दिल्लीचा किस्सा ऐका. 2021 साली हिंदू कॉलेजनं राज्यशास्त्राचा पहिला कटऑफ लावला 100 टक्के. खुल्या जागा 20. दिल्ली विद्यापीठाचा तेव्हाचा नियम असा, की कटऑफ गाठणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश द्यायचाच, जागा असो वा नसो. आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन शंभरावर मुलं दारात उभी! बरीचशी केरळ बोर्डाची. आता प्राचार्यांच्या खुर्चीत बसून बघा. आकडा जास्त लावला आणि जागा रिकाम्या राहिल्या, तर पुढच्या यादीत खाली येता येतं. कमी लावला आणि झुंबड उडाली, तर कुणालाच परत पाठवता येत नाही. म्हणजे त्या शंभर टक्क्यांत कॉलेजच्या दर्जाइतकीच गर्दीची धास्ती होती. 2022 पासून तिथे सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली आणि ही तऱ्हा बंद पडली.

आपल्या मुंबई विद्यापीठात गंमत वेगळी. कॉलेजच्याच अकरावी-बारावीतली, म्हणजे इनहाऊस मुलं आधी आत जातात. अल्पसंख्याक संस्था असेल, तर निम्म्या जागा त्या समाजासाठी. आरक्षण वजा करून जे उरतं त्यावर बाहेरच्यांची यादी. समजा, 120 च्या वर्गात तुमच्या वाट्याला 15 जागा उरल्या; तर पंधराव्या मुलाचे गुण म्हणजे कटऑफ. शेजारच्या कॉलेजात 50 उरल्या, की यादी आपोआप खाली उतरते. घरी मात्र लगेच निकाल लागतो, "ते कॉलेज पडेल आहे!"

नावाजलेल्या कॉलेजातल्या संगतीचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. पण कॉलेज स्वायत्त आहे का, हे आकड्याआधी बघा. स्वायत्त असेल, तर पदवी विद्यापीठाचीच मिळते, अभ्यासक्रम आणि पेपर मात्र कॉलेज ठरवतं. तीन वर्षं तुमचा संबंध त्या अभ्यासक्रमाशी आणि पेपरांशी येणार आहे.

आणि पहिली यादी बघून हातपाय गाळू नका, तिसरीपर्यंत थांबा. ऑफिसच्या खिडकीवर जाऊन विचारा, "इनहाऊस आणि कोटा सोडून बाहेरच्यांना जागा किती?" क्लार्क वैतागेल. तरी विचारा.