तीरकामठ्याचं लाकूड : तोड कधी करावी, वाळवण कशी करावी



आज पेरणीबद्दल किंवा फवारणीबद्दल बोलायचं नाही. विषय थोडा वेगळा आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या अंगाला भिंगारा, चाळीसटापरी अशी गावं आहेत. तिथल्या भिल्ल, भिलाला, कोरकू मंडळींच्या घरांत तीरकामठा ही जुनी वस्तू आहे. तो करायला लागतं लाकूड किंवा वेळू. ते तोडायचं कधी, वाळवायचं कसं, एवढंच आज सांगायचं आहे. ज्यांना कामठ्याशी काही देणंघेणं नाही त्यांनीही ऐकावं. कुऱ्हाडीचा दांडा, फावड्याचा दांडा, गोठ्याच्या छपराचा वेळू, या सगळ्यांना हाच नियम लागू आहे.

आधी एक गोष्ट साफ सांगून टाकतो. कामठा शिकारीसाठी नाही. रोही आणि रानडुक्कर आपल्या हरभऱ्याचं, मक्याचं काय करतात हे मला सांगायची गरज नाही. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. पिकाचं नुकसान झालं तर लगेच वन खात्याकडे अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा. तीर सोडून आपणच आरोपी व्हायचं, हा धंदा तोट्याचा आहे.

मग कामठा कशासाठी? एक तर तो आपल्या भागाची कारागिरी आहे, ती जाणत्या माणसांबरोबर जाऊ नये. दुसरं, देशातल्या तिरंदाजीच्या स्पर्धांत ‘इंडियन राऊंड’ नावाचा प्रकार असतो, त्यात बांबूचंच धनुष्य लागतं. राजस्थानातला लिंबा राम हा आदिवासी मुलगा लहानपणी बांबूच्या धनुष्यावरच हात बसवून 1988 साली सोलच्या ऑलिंपिकपर्यंत गेला. आपल्या शाळांतली पोरंही हा खेळ शिकू शकतात. आणि पोरांच्या हातात धनुष्य द्यायचं असेल तर ते मोडणारं असून चालत नाही.

मी स्वतः बारा-तेरा वर्षांचा असताना आषाढात बांधावरचा कोवळा वेळू तोडला, आठ दिवस उन्हात टाकला आणि कामठा केला. चौथ्या-पाचव्या ओढीला तो मधोमध मोडला. त्याची चिपाट डाव्या भुवईवर बसली. बोटभर खाली लागती तर डोळा गेला असता. खूण अजून आहे. त्या कामठ्यात तीन चुका होत्या : वेळू कोवळा, तोड पावसाळ्यातली आणि वाळवण उन्हातली. आजचं सगळं बोलणं या तीन चुकांभोवतीच आहे.

पहिली गोष्ट वेळूच्या वयाची. आपल्याकडे डोंगरात जो मानवेल होतो तो कोरड्या जागी जाड भिंतीचा, कधी कधी जवळजवळ भरीव असतो. कामठ्याला तोच चांगला. वेळूचं एक लक्षात घ्या. तो झाडासारखा दरवर्षी जाड होत नाही. पावसाळ्यात कोंब फुटला की त्याच हंगामात तो आपली पूर्ण उंची आणि जाडी गाठतो. पुढची दोन-तीन वर्षं फक्त आतून पक्का होत राहतो. त्यामुळे उंची बघून फसू नका. पहिल्या वर्षाच्या वेळूवर कोंबाचे पापुद्रे चिकटलेले असतात, अंगावर पांढरी भुकटी असते. दुसऱ्या वर्षी तो हिरवागार, चकचकीत दिसतो आणि माणसाला मोह होतो. तो तोडू नका. तिसऱ्या-चौथ्या वर्षी रंग मळकट होतो, अंगावर पांढरट-करडे डाग धरतात, कोयत्याच्या पाठीनं ठोकलं तर टणक आवाज येतो. तो घ्या. फार जुना, वाळत चाललेला वेळू नको, तो कडक असला तरी ठिसूळ असतो. बेट फुलावर आलं असेल तर समजून घ्या की बियाणं धरून ते मरणार. मानवेल अनेक वर्षांतून एकदाच फुलतो. तसल्या बेटाचा वेळू जळणाला, कुडाला वापरावा, कामठ्याला नाही.

सगळ्यात सोपा उपाय सांगू? दरवर्षी दिवाळीनंतर बेटात जाऊन त्या वर्षीच्या नव्या वेळूंवर रंगाचा एक पट्टा मारून ठेवा. यंदा पांढरा, पुढच्या वर्षी लाल, त्याच्या पुढच्या वर्षी निळा. चौथ्या वर्षी कोणाला विचारायची गरज पडत नाही.

आता तोडीचा काळ. पावसाळ्यात बेटाला हात लावू नये. कोंब वर येत असतात, ते तुडवले जातात. शिवाय या दिवसांत तोडलेल्या वेळूला भुंगा लवकर लागतो. भुंगा काही लाकडासाठी येत नाही, तो वेळूतल्या पिठूळ अंशासाठी येतो. हा अंश थंडीत कमी असतो. म्हणून मार्गशीर्षापासून माघापर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, तोड करावी. जुनी माणसं अंधाऱ्या पक्षात तोडा म्हणतात. पाळायचं असेल तर पाळा, त्यानं नुकसान काही नाही. पण अमावास्या गाठायची म्हणून कोवळा वेळू तोडू नका. माझ्या मते तिथीपेक्षा वेळूचं वय आणि थंडीचा हंगाम हे जास्त कामाचे.

नवे वेळू बेटाच्या बाहेरच्या कडेला असतात आणि पिकलेले आत. आपण आळसानं बाहेरचे तोडतो आणि बेट आतून गच्च होऊन बसतं. बेटाला एका बाजूनं घोड्याच्या नालासारखी वाट करा आणि आतले पिकलेले काढा. जमिनीपासून वीतभर उंचीवर, एका गाठीच्या लगेच वर, करवतीनं कापा. गाठीच्या वर पोकळ वाटी राहिली तर तिच्यात पावसाचं पाणी साचतं आणि खुंट कुजत जातो.

दुसरं लाकूड म्हणजे धामण. धामणीचं लाकूड चिवट आणि लवचिक असतं. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात, म्हणजे जुन्या लोकांनी धनुष्यावरूनच त्याचं नाव ठेवलं. कुऱ्हाडीच्या दांड्यालाही धामण नंबर एक. झाड पानगळीवर असताना, नवी पालवी यायच्या आत, मनगटापेक्षा थोडं जाड, सरळ, फांद्या नसलेलं खोड किंवा फांदी घ्यावी. सालीवरची रेघ पिळाची दिसली तर सोडून द्या. पिळाचं लाकूड फोडताना आणि वाळताना पिळतच जातं. धामण खुंटापासून पुन्हा फुटते, म्हणून खुंट उकरू नये, स्वच्छ तिरका काप द्यावा.

कुठून तोडायचं, हे महत्त्वाचं. अंबाबरवा आणि ज्ञानगंगा ही अभयारण्यं आहेत, तिथली काडीसुद्धा आणू नये. स्वतःच्या शेतातल्या वेळूची गोष्ट वेगळी आहे. 2017 साली भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेरचा वेळू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. म्हणून बांधावरचा वेळू तोडायला पूर्वीसारखी अडचण राहिली नाही. ज्या गावांना 2006 च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे वेळू गौण वनोपज धरला जातो, आणि तोड कशी करायची हे ग्रामसभेत ठरवावं. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाला 2011 साली वेळूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तो याच कायद्यामुळे. धामण मात्र झाड आहे. बांधावरची असली तरी कुऱ्हाड लावण्याआधी वनरक्षकाला किंवा तहसीलात विचारून घ्या.

आता वाळवण. इथेच बहुतेकांचा माल वाया जातो. ताज्या वेळूच्या वजनात निदान तिसरा हिस्सा पाणी असतं. ते पाणी सावकाश गेलं तर लाकूड सरळ राहतं, भराभर गेलं तर चिरतं. टोकाकडून पाणी फार लवकर निघतं आणि मधलं तसंच राहतं, म्हणून चिरा टोकापासून सुरू होतात. तेव्हा तोडल्या दिवशीच, संध्याकाळ व्हायच्या आत, दोन्ही टोकांना शेण-मातीचा बोटभर जाड लेप द्यावा. डांबर असेल तर तेही चालतं. दुसऱ्या दिवशी लावू म्हटलं की चीर पडलीच समजा. तुकडा हवा त्यापेक्षा दोन्हीकडे वीतभर लांब ठेवा, चिरलेलं टोक नंतर कापता येतं.

भरीव वेळू आणि धामण अखंड वाळवू नये. ओली असतानाच मधोमध उभी फोडावी. फोडताना पाचर धाग्याच्या वाटेनं जाऊ द्यावी, कुऱ्हाडीनं तिला वळवू नये. करवतीनं चिरलं तर धागा मध्येच तुटतो आणि कामठा तिथेच मोडतो. धामणीची साल पहिला महिना राहू द्या, म्हणजे पाणी हळू जातं. होळीच्या आत मात्र साल काढा, नाहीतर ऊन वाढलं की तिच्याखाली किडे घर करतात.

वेळूच्या फाकांना भुंग्यापासून वाचवायला दोन वाटा आहेत. बिनखर्चाची वाट म्हणजे पाण्याची. ओढ्यात किंवा शेततळ्यात फाका दगडाखाली दाबून तीन-चार आठवडे बुडवून ठेवायच्या. पिठूळ अंश पाण्यात निघून जातो, भुंग्याला खायला काही उरत नाही. पाण्याला वास येतो, म्हणून पिण्याच्या विहिरीत हे करू नका. घरात भांडण होईल ते वेगळंच. दुसरी वाट औषधाची : शंभर लिटर पाण्यात तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक पावडर विरघळवून फाका पाच-सात दिवस बुडवाव्यात. ते पाणी गुरांच्या आणि पोरांच्या वाटेला जाऊ देऊ नये. पुढे फाका पावसात भिजल्या तर औषध धुऊन जातं, हेही ध्यानात ठेवा.

मग वाळवण सावलीत. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, वारा कोरडा असतो. अशा उन्हात लाकूड टाकणं म्हणजे चुलीवर टाकणंच. गोठ्याच्या उत्तरेकडच्या पडवीत, जमिनीपासून हातभर वर, दोन लाकडांवर फाका आडव्या मांडा. दोन फाकांच्या मध्ये बोटभर फट ठेवा, म्हणजे वारा फिरेल. वरून वजन ठेवलं तर वाकत नाहीत. दर आठवड्याला पलटा. खताच्या ढिगाजवळ, ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

वाळलं कधी म्हणायचं? हात लावून कळतं असं बरेच जण म्हणतात, पण हाताला फक्त वरचा पापुद्रा कळतो. त्यापेक्षा तराजू घ्या. एका फाकेला खूण करून दर रविवारी वजन करा आणि कोळशानं भिंतीवर लिहा. सुरुवातीला वजन झपाट्यानं उतरतं, मग कमी कमी. लागोपाठ तीन रविवार काटा हलला नाही की लाकूड वाळलं. पौषात तोडलेल्या वेळूच्या फाका साधारण अक्षय्य तृतीयेपर्यंत तयार होतात. धामणीला एक पावसाळा घरात काढू द्यावा आणि दसऱ्यानंतर तिला हत्यार लावावं. घाईनं ओल्या लाकडाचा कामठा केला तर तो मोडला नाही तरी वाक धरतो. दोरी काढली तरी सरळ होत नाही, आणि तीर वीस पावलांवर पडतो.

कामठा तासताना वेळूची बाहेरची साल अजिबात खरवडू नका. सगळ्यात दाट धागा तिथेच असतो. जे काढायचं ते आतल्या अंगानं काढा. नवशिक्यानं साल निशाणाच्या बाजूला ठेवावी. गाठी सपाट करायच्या नाहीत, नुसती धार मोडायची. दोन्ही हात सारखे वाकतात का ते थोडं तासून, थोडं वाकवून पुन्हा पुन्हा बघा. पहिल्याच दिवशी पूर्ण ओढ देऊ नका. ओढ वाढवताना समोर पोरांना उभं करू नका. आणि तीर न लावता दोरी कधीच सोडू नका. तीर नसला की सगळा झटका कामठ्यालाच बसतो आणि चांगला कामठाही फुटतो.

तयार झाल्यावर जवसाचं तेल कापडानं चोळा, पातळ हात, चार-पाच वेळा, मध्ये एकेक दिवस सोडून. काम झालं की दोरी उतरवून कामठा दोन खुंट्यांवर आडवा ठेवा. चुलीच्या धुराची जागा चांगली, फक्त ज्वाळेच्या वर नको.

येत्या थंडीत बेटात शिराल तेव्हा कोयता नेण्याआधी रंगाचा डबा आणि शेण-मातीचं घमेलं बरोबर न्या. राम राम.