सुवर्णरथ आणि उळवीची वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याच्या वायव्य टोकाला कॅसलरॉक नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. जवळपास मोठे गाव नाही. सभोवार रान आहे आणि पावसाळ्यात समोरचा फलाट दिसू नये इतके धुके असते. तरीही गोव्याकडे उतरणाऱ्या गाड्यांना येथे थांबावे लागते. येथून खाली कुळेपर्यंत सुमारे २६ किलोमीटरांचा घाट आहे. सदतीस फुटांमागे एक फूट असा त्याचा कडक उतार असून, वाटेत बोगद्यांमागून बोगदे आणि दूधसागरचा सुमारे ३१० मीटर उंचीचा धबधबा लागतो. असा घाट उतरावयाचा म्हणजे आधी ब्रेक तपासले पाहिजेत आणि जादा इंजिने जोडली पाहिजेत. हा लोहमार्ग इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यातील १८७८ च्या करारानंतर, १८८० च्या दशकात बांधला गेला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉक हे सरहद्दीवरचे ठाणे होते.

याच मार्गाने २००८ सालापासून एक निराळी गाडी जाऊ लागली. तिचे नाव ‘गोल्डन चॅरियट’, म्हणजे सुवर्णरथ. कर्नाटकाच्या पर्यटन महामंडळाने रेल्वेच्या सहकार्याने ती सुरू केली. बाहेरून जांभळी आणि सोनेरी, आत पलंग, भोजनगृहे, सेवेला तत्पर असे सेवक! तिच्या डब्यांना कदंब, होयसळ, राष्ट्रकूट, गंग, चालुक्य, आदिलशाही अशी राजघराण्यांची नावे आहेत. राजस्थानात १९८२ साली ‘पॅलेस ऑन व्हील्स’ निघाली, महाराष्ट्राने २००४ साली ‘डेक्कन ओडिसी’ काढली, त्याच पंक्तीतली ही गाडी. माणशी काही लाख रुपये भाडे भरून देशोदेशीचे पाहुणे तीत बसत आले आणि म्हैसूर, बेलूर, हळेबीड, हंपी, बदामी, पट्टदकल पाहून आमच्या घाटाने गोव्यास उतरत आले.

मी याच तालुक्यात शिक्षक आहे. एकदा वर्गात या गाडीचा विषय निघाला, तेव्हा एका मुलाने विचारले, “गुरुजी, ती माणसे एवढ्या लांबून आपला देश पाहायला येतात, मग आपल्याकडे का उतरत नाहीत?” मी सहज उत्तर देऊन गेलो, “अरे, आपल्याकडे पाहण्यासारखे आहे काय? रान आणि पाऊस.” मुले हसली, तास संपला. परंतु संध्याकाळी घरी गेल्यावर ते उत्तर माझ्या मनाला टोचू लागले. मुलाचा प्रश्न खरा होता. माझे उत्तर खोटे होते, आणि ते मी शिक्षकाच्या खुर्चीवरून दिले होते.

कोणी असे समजू नये की, श्रीमंतांच्या या गाडीला नावे ठेवण्यासाठी मी आज बोलावयास आलो आहे. ती गाडी जे दाखवते ते खरोखरीच दाखवण्यासारखे आहे, आणि ते आम्हा मराठी माणसांनी तर अवश्य पाहिले पाहिजे. ऐहोळे येथील मेगुती मंदिरात रविकीर्तीचा ६३४ सालचा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाचे वर्णन करताना त्यात तीन महाराष्ट्रांचा आणि त्यांतील नव्याण्णव हजार गावांचा उल्लेख येतो. आपल्या भूमीच्या नावाचा इतका जुना पुरावा आज कर्नाटकातील एका टेकडीवर उभा आहे! पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर दुसऱ्या विक्रमादित्याच्या लोकमहादेवी या राणीने आठव्या शतकात बांधविले. पतीने कांचीवर मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक होय. पण त्याच विजेत्याने कांचीच्या कैलासनाथ मंदिराचे धन लुटून न नेता देवाला परत केले, असे तेथील लेख सांगतो. पट्टदकलच्या लेखात राजाराणीबरोबर मंदिर रचणाऱ्या गुंड नावाच्या सूत्रधाराचाही गौरव आहे. वेरूळच्या कैलास लेण्याची घडण पाहताना जाणत्यांना याच मंदिराची आठवण होते.

आणि हंपी! ज्या दगडी रथावरून या गाडीने आपले नाव घेतले, तो रथ हंपीच्या विठ्ठल मंदिराच्या प्रांगणात आहे. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायाने विजयनगरास नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. १५६५ च्या लढाईनंतर ते नगर उद्ध्वस्त झाले. रथ मात्र राहिला. आज पन्नास रुपयांच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. ती नोट खिशात बाळगणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी तो प्रत्यक्ष पाहिला असेल? जोयड्याहून बदामी काही फार दूर नाही. पण माझ्या वर्गातील एकही मूल तेथे गेलेले नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर, त्या दिवसापर्यंत मीही गेलो नव्हतो. आपल्या घरातील ठेवा परक्याने भाडे मोजून पाहावा आणि घरच्याने त्याचे चित्र पाहून समाधान मानावे, ही गोष्ट गाडीच्या मालकांना नव्हे, आपल्यालाच लाजविणारी आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. आमच्या तालुक्यात काय आहे?

आमच्याकडे उळवी आहे. बाराव्या शतकात कल्याण नगरीत बसवेश्वरांनी जातिभेदावर घाव घातला. ब्राह्मणाची कन्या आणि चांभाराचा पुत्र यांचा विवाह शरणांनी मान्य केला, त्यावरून राजकोप झाला, आणि शरणांना कल्याण सोडावे लागले. परंपरा अशी सांगते की, बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवेश्वर हे वचनांच्या पोथ्या आणि शरणांचा मेळा घेऊन, पाठलाग करणाऱ्या सैन्याला तोंड देत, या अरण्यात येऊन पोहोचले. त्यांची समाधी उळवीस आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे जत्रा भरते. धारवाड-बेळगावकडील शेतकरी बैलगाड्या जुंपून, बैलांना झुली घालून, शिधा बरोबर घेऊन, कित्येक दिवसांची वाट चालत येतात. आज मोटारी आहेत, पक्का रस्ता आहे. तरी बैलगाडीने येणारे येतातच. पोथ्या ज्या वाटेने वाचविल्या गेल्या, त्या वाटेने एकदा तरी आपणही गेले पाहिजे, ही त्यांची निष्ठा आहे.

आमच्याकडे सुपाही होते. काळी नदी आणि पांढरी नदी यांच्या संगमावरील हे गाव पूर्वी तालुक्याचे ठिकाण होते. तालुक्याचे नावच सुपा. पुढे गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले आणि १९८० च्या दशकात सुपा पाण्याखाली गेले. कचेरी जोयड्यास आली. अनेक कुटुंबे रामनगरच्या वसाहतीत गेली. राज्याला वीज मिळाली, ती आवश्यकही होती. परंतु बदामी-हंपी पडल्यावर दगड तरी राहिले. सुप्याचे जे राहिले, ते केवळ माणसांच्या आठवणीत.

आणि आमच्याकडे रानातला कुणबी आहे. तो कणगी, करांदे, माडी, सुरण अशी कंदमुळे पिढ्यान्‌पिढ्या लावीत आणि जपीत आला आहे. त्याच्या परसातील एकेका कंदाचे बियाणे आजीकडून नातीकडे येते. त्यावर शिलालेख नसतो. पण एक पिढी विसरली की तो ठेवाही बुडाला.

मी ख्रिस्ती आहे. आमच्यातही जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणासाठी पायी जाणारे लोक आहेत. बेळगावहून निघतात, कारवारहून निघतात. माझ्या लहानपणी घरातील वडील मंडळी अशा पायी गेलेल्यांचे पाय धुवावयास गरम पाणी देत. त्यांना आम्ही कधी ‘तुम्ही काय काय पाहिलेत?’ असे विचारले नाही. ‘वाटेत कोणाकडे उतरलात?’ असे विचारीत असू. प्रवासी आणि यात्रेकरू यांच्यातला फरक मला तेथे प्रथम कळला. प्रवासी स्थळ पाहून येतो. यात्रेकरू वाटेवरच्या माणसांचा ऋणी होऊन येतो. सुवर्णरथातील पाहुणाही मनात आणील तर यात्रेकरू होऊ शकेल, आणि बैलगाडीतला माणूसही नुसती मौज करून परत येऊ शकेल. भाड्यावर ते अवलंबून नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गापुढे माझी चूक कबूल केली आणि मुलांना एक काम दिले. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला सुप्याविषयी विचारावयाचे आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून आणावयाचे. कोणी बाजाराची जागा लिहून आणली, कोणी नदीचा उतार. एका मुलीने फक्त तीन ओळी आणल्या. तिची आजी बोलता बोलता रडू लागली, म्हणून तिने पुढे विचारले नव्हते. मी तिला सांगितले, “बाई, तेवढेच पुरे. उद्या आजीजवळ नुसती बसून राहा.” नंतर आम्ही सगळे उळवीला गेलो. बदामीला जाण्यासाठी मुले आता पैसे साठवीत आहेत. त्या डब्यात माझाही वाटा आहे.

तेव्हा माझी विनंती दोघांना आहे. अशा गाड्या चालविणाऱ्यांनी पाहुण्यांना एक सकाळ आमच्या तालुक्यासाठी द्यावी. राजवाडा नाही, पण माणसे आहेत आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखे आहे. आणि शिक्षकबंधूंनी, पालकांनी प्रत्येक मुलाला शाळा सोडण्यापूर्वी दोन प्रवास घडवावेत: एक बदामी-हंपीसारख्या थोर स्थळाचा, आणि एक स्वतःच्या गावाचा. दुसऱ्याला भाडे पडत नाही. फक्त वृद्ध माणसे आहेत तोवर निघावे लागते.

सुवर्णरथ कॅसलरॉकला थांबेल तो घाटासाठी, ब्रेकांसाठी. त्याचे मला दुःख नाही. पण पुन्हा एखाद्या मुलाने ‘आपल्याकडे काय आहे?’ असे विचारले, तर आमच्या तालुक्यातील कोणत्याही गुरुजीने ‘रान आणि पाऊस’ असे उत्तर देऊ नये, एवढीच इच्छा आहे.