शेपटीचा भाव



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला गणित शिकवीत. व्यवहारी अपूर्णांकाचे उदाहरण फळ्यावर मांडले की ते विचारीत, "उत्तर राहू दे, पैसे कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात गेले, ते आधी सांग." आजचा माझा विषय शिकारीचा असला, तरी तो याच प्रश्नाला धरून आहे.

खानापूरकडील भातात आणि बेळगावभोवतीच्या उसात रानडुकरे शिरतात, हे या सभागृहात कुणाला नव्याने सांगायला नको. त्यावरचा एक उपाय मी गावोगावच्या बैठकांतून ऐकत आलो आहे: डुकरामागे ठरावीक रक्कम जाहीर करा, तरुणांना चार पैसे मिळतील आणि पीकही वाचेल. ही सूचना ऐकायला इतकी सरळ आहे की तिच्यावर कुणी शंका घेत नाही. मात्र ती अन्यत्र मोठ्या प्रमाणावर करून पाहिली गेली आहे. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यावर मुलीकडे अमेरिकेतील टेक्सस राज्यात माझा मुक्काम लांबला, आणि जुन्या सवयीने मी तिथल्या शेतांवर हिंडत राहिलो. तेथे जे पाहिले व वाचले, ते आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेत डुक्कर हा मूळचा प्राणी नव्हे. कोलंबसाने १४९३ साली आपल्या दुसऱ्या सफरीत ती कॅरिबियन बेटांवर आणली. हर्नांडो द सोटो या स्पॅनिश सरदाराने १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरविली. त्यांतली सुटून रानात गेली. पुढे विसाव्या शतकात श्रीमंत शिकाऱ्यांनी हौसेखातर युरोपातील खरी रानडुकरे आणून सोडली, आणि दोन्हींचा संकर झाला. म्हणजे शिकारीची हौस हे या उपद्रवाचे एक मूळच आहे. आज तेथे सुमारे ३५ राज्यांत मिळून साठ लाखांहून अधिक डुकरे असावीत, असा अंदाज आहे. एकट्या टेक्ससमध्ये त्यांतली पंचवीस लाखांच्या आसपास.

आता या डुकरांवर पैसे कसे मिळवितात ते पाहा. पहिली वाट मांसाची. परंतु गोळी घालून मारलेले डुक्कर विकता येत नाही. कत्तलीपूर्वी जनावर जिवंत असताना निरीक्षकाने तपासले पाहिजे, असा नियम आहे. म्हणून पकडणारे ती पिंजऱ्यात धरून, गाडीत घालून खरेदी केंद्रावर नेतात. तेथे वजनावर भाव मिळतो. मोठ्या जनावराला पौंडामागे जास्त, लहानाला कमी. पिल्लांना बहुधा गिऱ्हाईक नसते. या डुकरांत ब्रुसेलोसिस हा माणसाला होणारा रोग आढळतो. हातमोज्यांशिवाय त्यांना सोलणारा आपली कमाई इस्पितळात घालवू शकतो. दुसरी वाट शिकारीच्या पाहुण्यांची. शेतमालक आपल्या रानात शिकार करू देण्याचे शुल्क घेतो, वाटाड्या वेगळे घेतो. २०११ च्या कायद्याने टेक्ससमध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरे टिपण्याचा हक्क पैसे देणाऱ्या पाहुण्यांनाही मिळाला, आणि लोक त्यासाठी हजारो डॉलर मोजू लागले. २०१७ मध्ये गरम हवेच्या फुग्यातूनही परवानगी मिळाली. फुग्यातून नेम कसा धरतात, हे मला अजून उमगलेले नाही. २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, शिकारीचा परवानाही लागत नाही.

एवढी सूट, एवढा पैसा. मग डुकरे संपायला हवी होती. ती संपली नाहीत. कारण ज्याच्या रानात पाहुणे येऊन शुल्क देतात, त्याला ती संपावी असे का वाटावे? शेजारच्या मक्याच्या शेतकऱ्याला तोच कळप आपत्ती असतो, आणि याला ते उत्पन्न. इतकेच नव्हे, शिकारीसाठी नवी डुकरे ट्रकमध्ये घालून नव्या मुलुखात सोडण्याचे उद्योगही झाले. टेनेसी राज्याने १९९९ मध्ये राज्यभर, मर्यादेशिवाय, शिकार खुली केली. तोवर डुकरे मोजक्या डोंगराळ परगण्यांत होती. २०११ पर्यंत ९५ पैकी सुमारे ८० परगण्यांत त्यांचे तळ दिसू लागले. त्याच वर्षी राज्याने ती खुली शिकार बंद केली. उलटपक्षी कॅन्ससने २००६ मध्येच हौशी शिकारीवर बंदी घातली आणि काम सरकारी पथकांकडे दिले. तेथे डुकरे मूठभरच राहिली. मिझुरीनेही २०१६ मध्ये आपल्या राखीव जमिनींवर हाच मार्ग धरला.

आपल्या सूचनेशी सर्वांत जवळचा प्रयोग जॉर्जिया राज्यातील फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर झाला. २००७-०८ च्या सुमारास तेथे शेपटीमागे ४० डॉलर देऊ केले. अकराशेहून अधिक शेपट्या जमा झाल्या, पैसे वाटले गेले, आणि अभ्यासकांनी मोजले तेव्हा डुकरांची दाटी घटलेली नव्हती. शिकाऱ्यांनी ठिकठिकाणी मका टाकून डुकरांना आमिष दाखविले होते. त्या आयत्या खाद्याने माद्यांची प्रजा उलट वाढली असावी, असे अनुमान निघाले. शिवाय मांस कापणाऱ्यांकडून स्वस्तात शेपट्या घेऊन त्या तळावर खपविल्याच्या तक्रारी आल्या. १९०२ मध्ये हनोई शहरात फ्रेंचांनी उंदराच्या शेपटीला इनाम लावले, तेव्हा गटारांतून शेपटी नसलेले जिवंत उंदीर फिरू लागले होते. शेपटीला भाव आला की शेपटीच मिळते.

यामागे डुकराची जीवनरीतही आहे. मादीचा गर्भकाळ सुमारे ११५ दिवसांचा. एका वेतात चार-सहा पिल्ले. आणि ती पिल्ले वर्षाच्या आत स्वतः विण्यास योग्य होतात. संख्या आहे तेवढीच ठेवायची, तरी दरसाल सुमारे दोन-तृतीयांश डुकरे काढावी लागतात, असा टेक्ससमधील तज्ज्ञांचा हिशेब आहे. शिकारी टिपतो तो बहुधा सुळे वाढलेला एकांडा नर. तो गेल्याने पाळणा थांबत नाही. आणि कळपावर गोळी झाडली की दोन पडतात, बाकीच्या माद्या पिल्ले घेऊन दुसऱ्या शिवारात जातात आणि रात्रीच्या हिंडण्यास सरावतात. इंग्रजी अमदानीत वाघावरील इनामे अत्यंत परिणामकारक ठरली, ही दुःखाची गोष्ट खरी. पण वाघीण काही वर्षाकाठी डझनभर बछडे देत नाही.

तेथे जे साधले, ते कंटाळवाण्या कामाने. लोखंडी जाळीचे मोठे वर्तुळ उभारतात, कित्येक रात्री दार उघडे ठेवून कळपाला धान्याची सवय लावतात, कॅमेऱ्यातून मोजदाद करतात, आणि शेवटचे पिल्लू आत आल्यावरच दार पाडतात. चार डुकरे आत असताना मोह आवरणे, हेच त्या माणसाचे कसब. अशा माणसाला डुकरामागे पैसे दिले, तर तो चारांवर दार पाडील. म्हणून त्याला दिवसाचे किंवा कामाचे वेतन देतात.

आपल्याकडे ही गोष्ट जशीच्या तशी आणता येणार नाही. आपले रानडुक्कर परके नव्हे. भीमगडच्या जंगलात ते वाघाचे आणि रानकुत्र्यांचे भक्ष्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे, आणि पिकाचा नाश करणाऱ्या डुकरासही अधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेवाचून मारता येत नाही. मारले, तर त्याची मालकी सरकारची. मांस विकण्याचा प्रश्नच नाही. केरळने २०२२ मध्ये ही आज्ञा देण्याचा अधिकार पंचायतींच्या प्रमुखांपर्यंत नेला. तेथे नेमबाजाला मानधन मिळते आणि जनावर पुरावे लागते. म्हणजे आपल्याकडील कमाई सर्वस्वी सार्वजनिक पैशांतूनच व्हायची.

तेव्हा पंचायतीकडे पैसा असेल, तर तो कशासाठी मोजायचा, हे आधी ठरवावे. गावातील तरुणांना मजुरी अवश्य मिळावी. पण ती भात निसवल्यापासून कापणीपर्यंत रात्रीची राखण करण्याची, सौर कुंपणाच्या तारेखालचे गवत काढण्याची, आणि ज्या शिवारात कुंपणानेही भागत नाही तेथे वनखात्याच्या आज्ञेने पूर्ण कळप धरण्याच्या कामाची. हिशेबाच्या वहीत मेलेल्या डुकरांचा रकाना नको. किती गुंठे पीक घरी आले, तो रकाना असावा. आणि तो भरण्याचे काम शेतमालकाने नव्हे, शेजारच्या गावच्या माणसाने करावे.