पाणी घेता, मग सही करा!

(एका जाहीर सभेतील भाषणाचा मजकूर)



मघाशी आपण मुंबईचा जयजयकार केला. करायलाच पाहिजे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या, तेव्हा कुठे १ मे १९६० चा दिवस उजाडला. परंतु मुंबई आपली म्हणताना एक प्रश्न विचारायचा राहून गेला. ही मुंबई पाणी कुणाचे पिते? आणि ज्यांचे पिते त्यांना काय लिहून देते?

आज मी एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे. विषय पाणलोटाचा आहे आणि कराराचा आहे. कंटाळू नका. विषय तुमच्या हंड्याचाच आहे.

मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० साली मिळाले. मग १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा. पुढे १९५७ साली, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात असताना, वैतरणेवरच्या मोडकसागराचे पाणी आले. १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, १९८० नंतर भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. विहार व तुळशी तेवढे मुंबईच्या हद्दीत. बाकी सगळे पाणी ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतले. शहापूर, मोखाडा, इगतपुरी, त्र्यंबक इकडचे. रोज सुमारे ३८० ते ४०० कोटी लिटर पाणी मुंबईला जाते, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचे.

आता मे महिन्यात शहापूर तालुक्यात जा. धरणाच्या भिंतीवरून दिसतील अशा पाड्यांवर टँकरची वाट पाहत बाया उभ्या असतात. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या बाया. डोक्यावर दोन हंडे, कडेवर पोर, आणि डोळ्यांसमोर अथांग जलाशय! जलवाहिनीच्या कडेच्या काही गावांना पाणी मिळते हे मी नाकारीत नाही. पण ती मेहेरबानी झाली. हक्क नव्हे. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, ही आमच्या डोंगरची स्थिती आहे.

कुणी म्हणेल, मोठी शहरे अशीच वाढतात, जगभर हीच रीत आहे. म्हणून मी तुम्हाला जगातल्याच एका मोठ्या शहराची हकीगत सांगतो. न्यूयॉर्कची.

न्यूयॉर्क पाणी आणते ते बव्हंशी कॅटस्किल नावाच्या डोंगरांतून, शंभर-सव्वाशे मैलांवरून. तिथेही सुरुवात जुलमानेच झाली. १९०७ ते १९१५ या काळात अशोकान नावाचा जलाशय बांधला, तेव्हा सुमारे २,००० माणसे उठवली. थडगीसुद्धा उकरून दुसरीकडे नेली. त्यानंतर पन्नास वर्षे एकामागून एक धरणे होत गेली आणि गावे बुडत गेली. डोंगरातला माणूस शहराचे नाव काढले की थुंकायचा. आजोबांचा राग नातवाच्या तोंडी उतरला होता.

पुढे १९८९ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने नियम केला, की तलावा-नद्यांचे पाणी शहराला द्यायचे तर ते गाळून द्या. नाहीतर वरचा पाणलोट आम्ही स्वच्छ राखतो हे सिद्ध करा. शहराने हिशेब मांडला. गाळणीचा कारखाना उभारायचा तर सहाशे ते आठशे कोटी डॉलर, आणि तो चालवायला वर्षाला आणखी तीस कोटी. शहर म्हणाले, त्यापेक्षा डोंगरावरच नियम लादू. १९९० मध्ये नियमांचा मसुदा निघाला. गोठा कुठे असावा, घर कुठे बांधावे, शेत कुठवर नांगरावे, सगळे शहर ठरवणार! डोंगर पेटून उठला. गावांनी एकजूट केली, वकील उभे केले, आणि शहराला सांगितले, कोर्टात भेटू.

वाटाघाटींना काही वर्षे लागली, पण २१ जानेवारी १९९७ रोजी करार झाला. सह्या कुणाच्या, ते ऐका. न्यूयॉर्क शहराची, न्यूयॉर्क राज्याची, केंद्राच्या पर्यावरण खात्याची, पर्यावरणवादी संस्थांची, आणि त्यांच्याच जोडीला डोंगरातल्या गावांची! ज्या गावांना पूर्वी नुसती नोटीस येत असे, ती गावे बरोबरीने टेबलाशी बसली.

करारात काय लिहिले? पहिले, शहर पाणलोटातली जमीन विकत घेईल, पण जो राजीखुशीने विकेल त्याच्याकडूनच. सक्तीचे संपादन बंद. साडेतीन लाख एकरांहून अधिक जमिनीच्या मालकांना शहराने विचारायचे, पण 'नाही' म्हणण्याचा हक्क मालकाचा. दुसरे, घेतलेल्या जमिनीवरचा स्थानिक कर शहर भरीत राहील, म्हणजे गावच्या शाळेचा आणि रस्त्याचा पैसा बुडणार नाही. तिसरे, संडासाच्या नादुरुस्त टाक्या, गावांची सांडपाणी केंद्रे यांच्या दुरुस्तीचा खर्च शहराच्या पैशातून. चौथे, डोंगरातल्या उद्योगधंद्यांसाठी सहा कोटी डॉलरचा निधी, आणि तो वापरणाऱ्या मंडळात बहुमत गावांच्या प्रतिनिधींचे. ह्याच्या बदल्यात गावांनी बंधने पत्करली. नव्या टाकीचे शोषक्षेत्र ओढ्यापासून शंभर फूट दूर, जलाशयापासून तीनशे फूट दूर, वगैरे.

शेतकऱ्यांशी तर शहराने आधीच जुळवून घेतले होते. ठरले असे की, पाच वर्षांत शंभरातले ८५ शेतकरी आपण होऊन योजनेत आले तर सक्ती नाही. शेणमूत ओढ्यात जाऊ नये म्हणून गोठे सुधारायचे, काठाला कुंपण घालायचे, आणि पैसा शहराने द्यायचा. ८५ हून जास्त आले! सक्तीने जे झाले नसते ते भावासारखे बोलल्याने झाले. सगळ्याचा खर्च पहिल्या दहा वर्षांत दीडशे कोटी डॉलरच्या आसपास. गाळणीच्या कारखान्याच्या चौथाईसुद्धा नाही.

म्हणजे तिथे सगळे गोड झाले असे नाही बरे! शहर जमिनी घेत सुटले तर गाव वाढायचे कुठे, अशी तक्रार डोंगरातले लोक आजही करतात. पण ती तक्रार मांडायला त्यांच्या हातात कागद आहे. शहराला न गाळता पाणी देण्याची परवानगी कायमची मिळत नाही, ती मुदतीची असते. २०१७ ची परवानगी दहा वर्षांची दिली. मुदत संपत आली की शहराला पुन्हा हिशेब द्यावा लागतो, आणि त्या वेळी गावाला पुन्हा तोंड उघडता येते. कराराची खरी ताकद इथे आहे, मंडळी.

आता आपल्या घरी या. करार म्हणजे काय हे महाराष्ट्राला नवे नाही. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आपल्याला पाठ आहे. त्यात एक कलम होते की दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरेल. दुसरे असे की विकासाचा पैसा विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात मिळेल आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष राहील. काय झाले? नागपूरचे अधिवेशन १९६० पासून भरत आले. अधूनमधून खंड पडला, जसा २०२० आणि २०२१ साली साथीमुळे. आणि पैशाचे? १९८४ साली दांडेकर समितीने अनुशेष मोजला तो ३,१८६ कोटी रुपयांवर गेला!

एकाच करारातले एक वचन पाळले गेले आणि दुसरे वाहून गेले, ते का? पहिल्यात जागा लिहिली होती, वेळ लिहिली होती. नाही पाळले तर दुसऱ्या दिवशी साऱ्या मुलखाला दिसते. दुसऱ्यात प्रमाण होते, पण दरसाल मोजायचे कुणी, चुकले तर भरून द्यायचे कुणी, ते नव्हते. मोजायला तीस वर्षे लागली. हा धडा आपण आपल्या रक्तामांसाने शिकलो आहोत. म्हणून मुंबईचा कुणी पुढारी उद्या इथे येऊन 'डोंगरच्या बांधवांचे आम्ही ऋणी आहोत' म्हणाला, तर त्याला हार घाला, चहा पाजा, आणि विचारा, 'साहेब, आकडा किती? तारीख कोणती? सही कुठे?'

एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो. मुंबईचे जाणकार म्हणतील, 'न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी. आमचे पाणी भांडुपला गाळून शुद्ध होते. पाणलोट राखला काय न राखला काय, आमचे काय अडले?' आक्षेप वाजवी आहे. उत्तर देतो. भांडुपला पाणी गाळता येते, पण धरणात बसलेला गाळ तिथे काढता येत नाही! आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची. मुंबई वर्षभर जगते ती साठ्यावर. डोंगर उघडाबोडका झाला की पहिल्याच सरीला माती सुटते, ओढ्याने उतरते आणि जलाशयाच्या पोटात बसते. तितकी जागा पाण्याला कमी होते. आणि वर जंगल नसेल तर पाणी जिरत नाही, झरा दिवाळीलाच आटतो. म्हणजे पाड्यावरची विहीर आणि मुंबईचा नळ, दोघांचा वैरी एकच आहे. वाहून जाणारी माती!

मग माती धरायची कुणी? आमच्या लोकांनीच. आणि ते जमते, बरं का. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने आदर्श गाव योजनेत कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, श्रमदान केले, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले. गावाने दिलेला शब्द गावाने पाळला. तेव्हा करार कसा पाळावा हे शहरवाल्यांनी आम्हाला शिकवू नये.

पण तिथे आणि इथे एक फरक आहे, तो नीट समजून घ्या. हिवरे बाजारने डोंगर राखला आणि पाणी हिवरे बाजारच्याच विहिरींत आले. कष्ट ज्याचे, फळ त्याचे. इथे डोंगर राखायचा मोखाड्याने आणि पाणी प्यायचे मुंबईने. चराईबंदी झाली की पहिला मार कुणाला? ज्याला शेत नाही, चार शेळ्या आहेत त्याला. त्या शेळ्या विकून त्याने मुंबईचा जलाशय राखावा आणि बदल्यात टँकरमागे धावावे? ह्याला पाणलोट विकास नव्हे, वेठबिगार म्हणतात!

म्हणून आपली मागणी स्पष्ट आहे. मुंबई आणि पाणलोटातल्या ग्रामसभा यांच्यात लेखी करार झाला पाहिजे, आणि सरकारने साक्षीला नव्हे, जबाबदारीला सही केली पाहिजे.

पहिले कलम: ज्या पाणलोटातून पाणी जाते त्यातल्या प्रत्येक पाड्याला नळाचे पाणी, पाड्याचे नाव आणि तारीख लिहून.

दुसरे: मुंबईला जाणाऱ्या दर हजार लिटरमागे ठरावीक रक्कम पाणलोट निधीत जमा व्हावी, आणि तो निधी वापरणाऱ्या मंडळात गावांचे बहुमत असावे.

तिसरे: समतल चर, बांध, झाडे, झऱ्यांची राखण ही कामे गावाने करावी, मजुरी मुंबईने द्यावी. चराई बंद केली तर शेळीवाल्याला चारा किंवा भरपाई आधी, बंदी मागून.

चौथे: गारगाई, पिंजाळ ही पुढच्या धरणांची नावे वर्षानुवर्षे घेतली जात आहेत. अनुसूचित क्षेत्रात जमीन घ्यायची तर ग्रामसभेची संमती आधी घेतली पाहिजे, असे २०१३ चा भूसंपादन कायदा सांगतो. ती संमती कागदापुरती नको. पहिली तीन कलमे पुरी झाल्यावाचून नव्या धरणाची कुदळ पडता कामा नये.

पाचवे: दर पाच वर्षांनी उघड्या ग्रामसभेत हिशेब. कोण चुकला, किती चुकला, दंड किती. दोघांनाही लागू, आम्हालाही.

बंधू-भगिनींनो, मी मुंबईचे पाणी तोडा म्हणायला आलेलो नाही. मुंबईच्या चाळीत आणि झोपडपट्टीत आमचेच भाऊबंद राहतात. त्यांच्या तोंडचे पाणी काढून आम्हाला मोठे व्हायचे नाही. पण एका घरात राहायचे तर एकाने शेंदायचे आणि दुसऱ्याने नुसते प्यायचे, असा संसार फार दिवस चालत नाही. राज्य एक केले ते भाषेने. आता ते एक राखायचे तर पाण्याचा व्यवहारही सचोटीचा पाहिजे.

तेव्हा इथून घरी जाल ते नुसती घोषणा घेऊन जाऊ नका. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. तुमच्या पाड्यापासून जलाशय किती दूर, विहीर कोणत्या महिन्यात आटते, टँकर केव्हापासून लागतो, ते आकड्यांत लिहा. खाली सह्या करा, अंगठे उठवा. आपली सही आधी होऊ द्या. मग तो कागद घेऊन मुंबईच्या दारात जाऊ आणि म्हणू, आमची सही झाली आहे, आता तुमची करा!

जय महाराष्ट्र!