घरात पत्ते कोण वाटतं?



मी इंजिनिअर नाही, हे आधीच सांगते. बी.कॉम. झालेय आणि मिरजेत अब्बांच्या डीटीपीच्या दुकानात काम करते. तळमजल्यावर दुकान, वर आम्ही, त्याच्या वर चाचांचं कुटुंब. सगळ्यांत मिळून इंटरनेटचं एकच कनेक्शन. त्यावर दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक टीव्ही आणि दहा-बारा मोबाइल.

सुरुवात प्रिंटरपासून झाली. लाइट जाऊन आली की प्रिंटर सापडायचा नाही. गिऱ्हाईक लग्नपत्रिकेसाठी उभं, आणि कॉम्प्युटर म्हणतोय प्रिंटर ऑफलाइन. कारण शोधलं तेव्हा कळलं की नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो आणि तो वाटायचं काम डीएचसीपी करतं. नवं यंत्र जोडलं की ते सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतं, कोणी पत्ता देतं का? वाटणारा म्हणतो, हा घे. यंत्र म्हणतं, चालेल, हाच द्या. वाटणारा म्हणतो, दिला, पण बारा तासांसाठी. म्हणजे पत्ता मालकीचा नसतो, भाड्याचा असतो. आमचा राउटर बंद पडला की त्याची भाडेकरूंची वही पुसली जायची. मग प्रिंटरला नवा पत्ता मिळायचा आणि कॉम्प्युटर जुन्याच दारावर टकटक करत बसायचा.

बऱ्याच राउटरमध्ये एखाद्या यंत्राला पत्ता कायमचा बांधून देता येतो. तुमची अडचण तेवढीच असेल तर तेवढंच करा, सर्व्हरच्या भानगडीत पडू नका. आमच्या राउटरमध्ये ती सोय नव्हती. डीएचसीपी बंद करायचं बटण तेवढं होतं. म्हणून मी रॅस्पबेरी पाय ४ नावाचा छोटा कॉम्प्युटर घेतला. घरात त्याला सगळे ‘डबी’ म्हणतात. त्यावर डीएनएसमास्क हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकला. पत्ते वाटणं आणि नावं सांगणं ही दोन्ही कामं तो एकटा करतो.

डबीला स्वतःचा पत्ता आधी हाताने द्यावा लागतो, कारण ती कोणाला विचारणार? तिला १९२.१६८.१.२ दिला, प्रिंटरला शेवटी २० बांधून दिला आणि बाकीच्यांसाठी ५० ते १५० मोकळे ठेवले. एक चूक केली, राउटरचं बटण बंद करायला विसरले. दोन दिवस घरात दोन वाटणारे होते. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता. प्रिंटरचं नाव अर्ध्या मोबाइलना कळायचं, अर्ध्यांना नाही, आणि मी उगाच डबीच्या फाइलमध्ये चुका शोधत बसले होते. घरात वाटणारा एकच हवा.

आता नावांचं. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नाव दिलं की आकडा सांगणारा कोणीतरी लागतो, तो डीएनएस. त्याच्याआधी इंटरनेटच्या पूर्वजाच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं आणि ती वही अनेकांत वाटली गेली. नावांची अख्खी वही एकेकाळी एका बाईंच्या टेबलावर होती, हे मला फार आवडतं. घरातल्या नावांमागे ‘लोकल’ लावू नका, ते शेपूट दुसऱ्या पद्धतीसाठी राखीव आहे. ‘होम डॉट अर्पा’ हे २०१८ पासून घरांसाठीच ठेवलंय.

लाइटने एकदा वेगळाच इंगा दाखवला. डबीत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट आली तेव्हा तिची वेळ मागची होती. मी नावांच्या उत्तरांवरच्या सह्या तपासायची सोय चालू केली होती, आणि त्या सह्यांना मुदत असते. वेळ चुकीची म्हणून सह्या चुकीच्या, सह्या चुकीच्या म्हणून कुठलंच नाव उघडेना, आणि बरोबर वेळ विचारायला ज्या सर्व्हरकडे जायचं तोही नावानेच शोधायचा! चाची वरून ओरडत होत्या. आता डबी छोट्या यूपीएसवर आहे.

पण मला खरं जे सांगायचंय ते पुढे आहे. चुका शोधताना मी एक ओळ चालू केली होती, आलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवणारी. किती वाजता, कुठल्या पत्त्यावरून, कुठलं नाव विचारलं. आणि कुठला पत्ता कोणाच्या मोबाइलला दिलाय ती यादी डबीकडे असतेच. दोन वह्या शेजारी ठेवल्या की संपलं. पान दिसत नाही, फक्त साइटचं नाव दिसतं. पण रात्री पावणेदोनला विचारलेलं नाव पुष्कळ सांगून जातं.

चाचांनी मागून पाहिलं. म्हणाले, “बेटा, म्हणजे मुलींच्या मोबाइलवर काय चालतं ते कळतं तर!” मी म्हटलं, “चाचा, तुमच्याही.” ते हसले, मग हसायचे थांबले. भाईजानने मात्र रात्री गंभीरपणे विचारलं की ही यादी मला रोज मिळेल का, धाकटीची काळजी वाटते. काळजी खोटी नव्हती. पण त्याला स्वतःची यादी कोणाला द्यायची नव्हती.

आणि मी तरी कोण मोठी? प्रिंटरची ओळ शोधताना धाकटीच्या मोबाइलवरून गेलेलं एक नाव मी वाचलं होतं. तिने मला न सांगितलेली गोष्ट होती. ती इथेही सांगणार नाही. मी तिला जाऊन सांगितलं की मला दिसलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आपा, तू ते बंद केलंस हे मला कसं कळणार?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिला शेजारी बसवून फाइल उघडली, ती ओळ तिच्याच हाताने पुसायला लावली, जुन्या नोंदीही पुसल्या आणि डबीचा पासवर्ड तिला दिला. आता ती कधीही तपासू शकते, आणि तपासते. भाईजानच्या काळजीसाठी फसव्या साइटच्या नावांची यादी टाकली. ती नावं घरात कोणालाच उघडत नाहीत, आणि कोणी विचारली याची नोंदही राहत नाही. तो कुरकुरला, पण त्याच्या गेममधल्या काही जाहिरातीही त्यात गेल्यावर खूश झाला.

धाकटीला हेही सांगितलं की आपली डबी सोडली तर तिचे प्रश्न इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे जातील, आणि ब्राउझरने परस्पर विचारले तर तो ज्याला विचारेल त्या कंपनीकडे. वही कुणाकडे तरी असते. तिने विचार करून डबी निवडली. मोबाइलचं नाव मात्र कळवणं बंद केलं. पत्त्यांच्या यादीत त्या जागी आता नुसती एक चांदणी दिसते.

डबी मी सोबत आणलीय, जवळ येऊन बघा, ओळी वाचा. तेवढ्यासाठी आज घरी पुन्हा राउटरच पत्ते वाटतोय, आणि प्रिंटर सापडत नाही म्हणून अब्बांचा दोनदा फोन येऊन गेलाय.